बोगनवेलीला नुसती पानं, फूल नाही? आधी पाण्याची बादली लपवा

पुण्यातल्या आमच्या सोसायटीत मला नावाने कमी आणि "बोगनवेलवाल्या काकू" म्हणून जास्त ओळखतात. गेल्या आठ-नऊ वर्षांत आमच्या तीन बिल्डिंगा, बहिणीची वारज्याची सोसायटी, नवऱ्याच्या ऑफिसातले दोघं-तिघं असं करत करत मी ही एकच तक्रार इतक्यांदा ऐकलीय की पुढचं वाक्य मीच पूर्ण करते: नर्सरीतून आणली तेव्हा गच्च भरलेली होती आणि आता नुसती पानं. दर वेळी मी तेच प्रश्न विचारते, बहुतेक वेळा उत्तरही तेच निघतं, म्हणून आता एकदाचं लिहूनच टाकते.

आधी लक्षणं

"फूल येत नाही" ह्या एका वाक्यात चार-पाच वेगळी दुखणी असतात, तेव्हा तुमची वेल नक्की काय करतेय ते आधी नीट बघा.

झाड हिरवंगार, पानं मोठी तुकतुकीत, फांद्या छडीसारख्या सरळ वर चाललेल्या, काटे लांबलचक आणि रंगाचा पत्ता नाही. हे सगळ्यात कॉमन. हे झाड आजारी नाहीये, उलट फारच सुखात आहे.

आणल्यावर आठ दिवसांत सगळा रंग खाली, बाल्कनीभर पतंगाचे कागद पडल्यासारखे, आणि मग सहा महिने काही नाही.

शेंड्याकडची नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्याच. उसावर केवडा पडतो ना, दिसायला तसंच.

बारीक कळी धरते, रंगाचा ठिपका दिसतो, आपण खूश होतो आणि चार दिवसांत वाळून गळते.

पानं चिकट, आकसलेली, देठाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं. किंवा पानांच्या कडा कोणी कात्रीने नक्षी काढल्यासारख्या खाल्लेल्या आणि खाणारा मात्र कुठेच दिसत नाही.

खालची पानं पिवळी, मऊ पडून गळतायत, झाड मलूल आणि माती ओली. हे सिरियस आहे. हे असेल तर मधलं सगळं सोडा आणि थेट शेवटी कुंडीचं लिहिलंय तिथे जा.

आता जे दुखणं नाहीच ते. जुलै-ऑगस्टमध्ये फूल नसणं, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत थोडी पानगळ होणं, रंग फिका होत होत कागदासारखा वाळणं, हे सगळं नॉर्मल. आपण ज्याला फूल म्हणतो ते खरं तर फूल नाहीच, रंगीत पानं आहेत. एकेका झुबक्यात तीन-तीन, आणि मधे जी बारीक पांढरट नळी दिसते ना, ते खरं फूल. म्हणून तर हा रंग इतके दिवस टिकतो. गुलबाक्षी पण ह्याच कुळातली. आणि नावातली वेल आपली नाही बरं का, बोगनविल नावाच्या फ्रेंच दर्यावर्दीवरून नाव पडलं, मूळ झाड दक्षिण अमेरिकेतलं, आपण त्या "विल"ची वेल करून घरात घेतली.

तारीख बघा (फुकट)

हसू नका, दर पावसाळ्यात मला किमान चार जण विचारतात. पुण्याचा पाऊस म्हणजे वर्षाला साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात पडतो. त्या काळात बोगनवेल फक्त वाढते. माती ओली, आभाळ भरलेलं, दिवस मोठे, फुलायला तिला ह्याच्या बरोब्बर उलट हवं असतं: कोरडं, लख्ख आणि दिवस लहान व्हायला लागलेले. म्हणजे ऑक्टोबर हीट सुरू झाली की पहिला भर, मग थंडीत जरा मंद आणि पुन्हा फेब्रुवारीपासून मेपर्यंत. तर तुम्ही हे ऑगस्टमध्ये वाचत असाल तर पोस्ट सेव्ह करा आणि दसऱ्याला उघडा. दिवाळी उलटली तरी रंग नाही म्हणाल तर मग पुढे वाचा.

पाणी (हेही फुकट, आणि नव्वद टक्के लोकांचा आजार इथेच संपतो)

नव्वद टक्के हा माझा अंदाज हां, कोणी मोजलेलं नाही.

माझं माहेर इंदापूरकडचं, घरी डाळिंब. डाळिंबवाल्यांना हे शिकवावं लागत नाही. मृग बहार धरा, हस्त धरा नाहीतर आंबे बहार धरा (म्हणजे फळ धरायचे तीन हंगाम), आधी बागेचं पाणी तोडायचं. झाडाला ताण बसतो, पानगळ होते, मग छाटणी, खत आणि पाणी सोडलं की कळी निघते. पाणी भरपूर चालूच ठेवलं तर झाड नुसतं फांद्या काढत बसतं, त्याला फुलायची गरजच वाटत नाही. बोगनवेलीचं तंत्र जवळपास हेच. लग्न होऊन पुण्यात आल्यावर पहिली दोन वर्षं मी पण तिला तुळशीसारखं रोज तांब्याभर पाणी घालत होते, आणि वडील एकदा राहायला आले तेव्हा बाल्कनीत उभं राहून एवढंच म्हणाले, "हिला ताण कधी दिलास?"

करायचं काय ते सांगते. बोट मातीत दोन पेरं घाला. ओलं लागलं तर पाणी नाही, वरून माती कितीही कोरडी दिसो. सगळं कोरडं झालं तरी लगेच नाही, पानं माना टाकेपर्यंत थांबा. पण दुपारी माना टाकल्या म्हणून घाबरून बादली उचलू नका, एप्रिलच्या दुपारी पुण्यात आपण पण माना टाकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. सकाळी पण पानं लोंबलेलीच असतील तर आता पाणी घाला, आणि तेही थोडंच, कुंडी चिंब करायची नाही. असं दोन-तीन आठवडे चालू द्या. थोडी पानं गळतील, गळू द्या. फांद्यांच्या टोकाला रंगाचे बारीक ठिपके दिसले की ताण संपला, तिथून पुढे नेमाने पाणी, म्हणजे माती कोरडी झाली की भरपूर, खालून वाहेपर्यंत. इथे बरेच जण चुकतात, कळी दिसल्यावरही ताण चालूच ठेवतात आणि मग ती कळी वाळून गळते. वर लिहिलेलं चौथं लक्षण बहुतेक वेळा ह्याचंच असतं.

बारा इंची कुंडीला फेब्रुवारीत साधारण तीन-चार दिवसांनी पाणी लागतं, मेमध्ये एक दिवसाआड, कधी रोज सुद्धा. पण दिवस मोजू नका, बोट घाला. आणि ज्या रोपाला घरी येऊन वर्ष पण झालेलं नाही त्याला ताण वगैरे देऊ नका, आधी त्याला मूळ धरू दे.

आता खरी गंमत. एका वर्षी मी तीन आठवडे पाणी तोडलं, वेल जशीच्या तशी हिरवीगार. माना सुद्धा टाकेना. मला वाटलं झाडातच काहीतरी चमत्कार आहे. मग एका संध्याकाळी ऑफिसातून लवकर आले तर सासूबाई आरओचं वेस्ट पाणी बादलीत साठवून शांतपणे कुंडीत ओततायत. "वाया जातं गं, आणि झाड बिचारं सुकलंय." रोज. तीन आठवडे. तर घरात पाणी घालणारे हात किती आहेत ते आधी शोधा, कामवाल्या मावशी, आजोबा, सोसायटीचा माळी, सगळ्यांना सांगा. एसीच्या पाइपचं पाणी कुंडीत ठिबकतंय का बघा, उन्हाळ्यात ते दिवसरात्र चालू असतं. कुंडीखाली ताटली असेल तर काढून टाका. आणि आरओचं वेस्ट पाणी एरवीसुद्धा नकोच, त्यात क्षार जास्त असतात, कुंडीच्या काठाला पांढरा थर धरतो तो त्याचाच. तेच पाणी फरशी पुसायला वापरा, सासूबाईंना मी शेवटी हेच पटवलं.

ऊन (फुकट, पण कुंडी उचलायला माणूस लागेल)

पाणी तोडून महिना झाला आणि काहीच हललं नाही तर ऊन मोजा. उजेड वेगळा, ऊन वेगळं. बोगनवेलीला अंगावर सहा तास तरी ऊन लागतं, पाचात पण कशीबशी फुलते, तीन तासांत पानांवर समाधान माना. रविवारी एक काम करा, सकाळी आठपासून दर तासाला जाऊन बघा कुंडीवर सावली पडते की ऊन. मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवला तर अजून बरं, कारण आपल्याला आपली बाल्कनी फार उन्हाची वाटत असते आणि फोटोत कळतं की अकराला समोरच्या बिल्डिंगची सावली आली ती गेलीच नाही.

उत्तरेच्या बाल्कनीवाल्यांना जरा कडू बोलते. १३ मेच्या आसपास पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे तुमच्या बाल्कनीत जे काही बरं ऊन येणार ते नेमकं पावसाळी ढगांच्या दिवसांत, आणि थंडीत, जेव्हा फुलायची वेळ, तेव्हा दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन आतपर्यंत शिरतं आणि तुमच्याकडे नाही. तिथे बोगनवेलीशी झगडू नका. टेरेसवर परवानगी मिळत असेल तर वर ठेवा, नाहीतर पहिल्या मजल्यावरच्या दक्षिणवाल्या शेजाऱ्यांना देऊन त्यांच्याकडून मनी प्लांट घ्या.

कबुतरांच्या जाळीने फार फरक पडत नाही, पण हिरवी शेडनेट लावली असेल तर काढा. जागा बदलल्यावर आठ-दहा दिवसांत असलेला रंग झडतो, नर्सरीतून आणल्यावर जे होतं ते पण हेच. तिला हलवणं आवडत नाही. रोज इकडून तिकडे सरकवू नका, एकदा उन्हात ठेवली की तिथेच राहू दे.

खत (थोडा खर्च, आणि खरं तर खर्च वाचवायचाच उपाय)

दर पंधरा दिवसांनी शेणखत, मधे गांडूळखत, शिवाय किचन कंपोस्टचं पाणी, असं चालू असेल तर बंद करा. ह्या सगळ्यात नत्र असतं, आणि नत्र म्हणजे पानं. युरिया घालणारेही भेटलेत, त्यांना मी हात जोडते. हायवेच्या डिव्हायडरवरच्या बोगनवेली बघा, त्यांना कोण शेणखत घालतं? टँकर आला तर पाणी, नाही आला तर नाही, आणि मार्चमध्ये गाडी बाजूला घेऊन बघावं असा रंग.

पावसाळा संपताना एकदा ओंजळभर शेणखत पुरे. कळी निघायच्या सुमारास पालाश-स्फुरदवालं काही द्यायचं असेल तर कृषी सेवा केंद्रात ०:५२:३४ (नत्र-स्फुरद-पालाशाचे आकडे) मागा, सगळ्यांना कळतं, लिटरभर पाण्यात एक-दोन ग्रॅम, महिन्यातून एकदा-दोनदा. कोरड्या ठक्क मातीत मात्र ओतू नका, मुळं भाजतात, आदल्या दिवशी साधं पाणी द्या. केळीच्या सालींचं पाणी करणाऱ्यांना माझा विरोध नाही, पण त्याने फुलं आली म्हणून सांगणाऱ्या प्रत्येकाच्या घरी ऊन आधीपासूनच भरपूर होतं एवढं मी पाहिलंय.

छाटणी (कात्री, जाड हातमोजे आणि थोडं धैर्य)

फूल नवीन फुटीवर येतं, बहुतेक टोकाकडे. त्यामुळे दोन उलट चुका होतात. एक, कधीच छाटायचं नाही, मग जुन्या लाकडाची जाळी होते आणि रंग फक्त वर कुठेतरी शेजाऱ्यांच्या खिडकीसमोर. दुसरी चूक सोसायट्यांमध्ये: माळीदादा दर महिन्याला मोठी कात्री घेऊन कंपाउंडची बोगनवेल मेंदीच्या कुंपणासारखी सपाट करतात. दिसतं छान. पण फुलणारी टोकं प्रत्येक वेळी कापली जातात, फूल येणार कुठून? आमच्याकडे ह्यावर मीटिंगमध्ये अर्धा तास वाद झाला, शेवटी एक बाजू त्यांनी छाटायची आणि एक बाजू मी बघायची असं ठरलं, आणि फेब्रुवारीत कोणी काही बोललं नाही, नुसते फोटो काढत होते.

पाऊस ओसरला की सप्टेंबरअखेरीस एक तृतीयांश उंची कमी करा, आत घुसलेल्या, वाळक्या फांद्या काढा. मग प्रत्येक बहर उतरला की टोकं थोडी खुडायची, बास. बुडापासून सरळसोट वर जाणारे जाडजूड पाणसोट निघतात ते काढाच, ते नुसतं खातात. आणि कलमी वेल असेल, म्हणजे एका झाडावर दोन-तीन रंग वगैरे, तर कलमाच्या जोडाखालून आलेली फूट ही खुंटाची, म्हणजे ज्याच्यावर कलम बांधलं त्या खालच्या झाडाची असते. ती ठेवलीत तर वर्षभरात तुमची महागाची पांढरी-केशरी वेल गायब आणि साधी जांभळी शिल्लक. फांदी अचानक वेगळ्याच पानांची दिसली तर बोट धरून तिच्या मुळापर्यंत जा, जोडाच्या खाली गेलात तर काढून टाका.

कीड आणि पिवळी पानं

पांढरं कापसासारखं म्हणजे पिठ्या ढेकूण. मुंग्यांची रांग चढतेय का बघा, मुंग्या असल्या की बहुतेक हा असतो, त्याचा गोड चिकटा त्यांना हवा असतो. आधी नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा, मग लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन-चार थेंब लिक्विड सोप, संध्याकाळी, आठ दिवसांनी पुन्हा. भर दुपारी मारलंत तर पानं जळतील. कडा खाल्लेल्या दिसत असतील तर रात्री टॉर्च घेऊन जा. उंटअळी दिवसा काडीसारखी फांदीला चिकटून बसते, रात्री जेवते. हाताने वेचा.

शिरा हिरव्या आणि पान पिवळं हे लोहाचं दुखणं. आपल्याकडची काळी माती चुनखडीची, त्यात बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी, मातीत लोह असलं तरी मुळांना उचलता येत नाही. चिलेटेड लोह मिळतं, त्यात ईडीडीएचए लिहिलेलं घ्या, चुनखडीच्या मातीत तेच टिकतं, डोस पाकिटावर असतो तेवढाच. पण थांबा, माती सतत ओली असली तरी मुळं गुदमरून पानं अशीच होतात, तेव्हा लोह विकत घ्यायच्या आधी पुढचं तपासा.

कुंडी आणि मुळं (सगळ्यात शेवटी, कारण इथे चूक झाली तर झाड जातं)

पाणी ओतल्यावर वरच तळं साचतं का? भोक बुजलंय. कुंडी आडवी करून खालून जाड तारेने मोकळं करा, अर्ध्या वेळा एवढ्यानेच काम होतं.

नर्सरीचा लाल मातीचा गोळा हे दुसरं लफडं. उरुळी कांचनकडून, सोलापूर रोडवरून आणलेली रोपं बहुतेक अशा घट्ट गोळ्यातच येतात. बाजूने आपण मोकळी कोकोपीटवाली माती भरतो, पाणी सगळं बाजूने वाहून जातं आणि गोळा आत दगड. किंवा उलट, गोळा आठ-आठ दिवस ओला. तिसरं म्हणजे हौसेने घेतलेली मोठी कुंडी. बोगनवेल कुंडीत जरा दाटीने राहिली तरच फुलते, मोठ्या कुंडीत ती आधी सगळीकडे मुळं पसरणार, मग पानं, मग तुमचा नंबर. एका वेळी दोन इंचांनीच मोठी कुंडी घ्या.

बदलायचीच वेळ आली तर फेब्रुवारीत नाहीतर जूनच्या पहिल्या पावसात. दोन भाग लाल माती, एक भाग जाड वाळू, एक भाग चांगलं कुजलेलं खत. तळाला खापरीचा तुकडा भोकावर पालथा ठेवा, तेवढा पुरे. अर्धी कुंडी विटांच्या तुकड्यांनी भरायची पद्धत आहे, पण त्याने निचरा वाढत नाही, उलट मातीची जागा जाते. पिशवी ओढून काढू नका, उभी कापा, गोळा फोडू नका. हिची मुळं नाजूक असतात, एवढी काटेरी बाई पण खाली अगदी हळवी. कडेने कुजलेलं, काळं, वास येणारं मूळ असेल तेवढंच कापा आणि नंतर आठवडाभर सावलीत ठेवा, पाणी बेताने.

वाचेल का बघायचं असेल तर खोडावर नखाने खरवडा. आत हिरवं असेल तर जीव आहे. फांद्या मेल्या असतील तरी बुडापाशी हिरवं दिसलं तर थांबा, मी तीन महिन्यांनी फुटलेली पाहिलीय.

इथे थांबा, माणूस बोलवा

बुडाशी खोड मऊ लागतंय आणि दाबल्यावर पाणी येतंय, तर सोडून द्या, हे औषधाने सुधारत नाही. साध्या गुलाबी बोगनवेलीचं रोप शंभर-दीडशेत मिळतं, ते फुललेलं असतानाच विकत घ्या म्हणजे रंगाची फसवणूक होत नाही.

खोडावर मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. कुंडीत असेल तर कुंडी घराबाहेर, पण वेल भिंतीला चिकटून जमिनीत असेल तर पेस्ट कंट्रोलवाल्यालाच बोलवा, कारण तिचा पुढचा मुक्काम तुमची दाराची चौकट. टेरेसवर थेट वाफ्यात लावली असेल आणि खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आली असेल तर तुम्ही मुळं उपटत बसू नका, स्लॅबचं वॉटरप्रूफिंग फाटतं, आधी वॉटरप्रूफिंगवाल्याला दाखवा आणि त्याच्यासमोरच काय ते काढा.

वेल विजेच्या तारांपर्यंत पोचली असेल तर लोखंडी शिडी आणि कात्री घेऊन अजिबात चढायचं नाही, ओल्या फांदीतूनही शॉक बसू शकतो. महावितरणला कळवा, ते लाइन बंद करतील, मग छाटा. दुसऱ्या मजल्याच्या वर गेलेल्या जुन्या वेलीला पण दोर-बेल्टवाला माणूसच हवा, सोसायटीच्या वॉचमनला चढवू नका.

आणि काटा. हातात मोडून राहिला, सांध्याजवळ घुसला, दोन दिवसांनी पण सूज आणि ठणका आहे, तर हळद लावत बसू नका, डॉक्टरकडे जा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवून जा. डोळ्याला लागला तर डोळा चोळायचा नाही, पाण्याचे हबके पण मारायचे नाहीत, तसंच उठून सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे. मी आता छाटताना चष्मा घालते, नंबर नाही तरी.